आधी श्वास, मग बाकीचं: ओव्हरडोस आणि सुईतून होणारे संसर्ग

ब्राउन शुगर, हेरॉइन किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनचा ओव्हरडोस झाला की माणूस दगावतो तो श्वास थांबल्यामुळे. अफूच्या कुळातले हे सगळे पदार्थ मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतात. हृदय मात्र त्यानंतरही काही मिनिटं चालू असतं. त्या मिनिटांत बाहेरून हवा मिळाली तर माणूस वाचू शकतो, म्हणून मदत करणाऱ्याचं पहिलं काम श्वास देण्याचं.

नशेत डुलणारा माणूस हाक मारली तर कुरकुरत का होईना, ओ देतो. ओव्हरडोसमधला देत नाही. मूठ आवळून बोटांची हाडं त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. तरीही हलला नाही तर छातीकडे बघत श्वास मोजा. मिनिटाला बारापेक्षा कमी, म्हणजे पाच सेकंदांत एकही श्वास नाही, तर ओव्हरडोस धरूनच चाला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन कळत नाही, म्हणून खालचा ओठ ओढून आतली बाजू, हिरड्या आणि नखं पाहा. आणि ती घशातली घरघर! ‘गाढ झोपलाय, घोरतोय’ म्हणून सोबतचे त्याला तसाच सोडतात, पण जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद होत असल्याचा तो आवाज असतो.

१०८ ला फोन करून एवढंच सांगा: ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाहीये’, आणि जवळची ठळक खूण. माल कुणाचा, कुठला, याची चर्चा फोनवर करायची गरज नाही. डॉक्टरांना मात्र काय काय घेतलं होतं ते खरं सांगा.

फोन स्पीकरवर ठेवून त्याला पाठीवर झोपवा. तोंडात तंबाखू, उलटी, कवळी असेल तर काढा. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली. डोकं मागे करा. नाक चिमटीत बंद करून तोंडाने आधी दोन श्वास द्या, मग दर पाच सेकंदांना एक. छाती वर येत नसेल तर हवा आत जात नाहीये. डोकं आणखी मागे करून पुन्हा द्या. श्वास पूर्ण थांबलेला असेल, नाडी लागत नसेल आणि तुम्हाला सीपीआर येत असेल तर तीस वेळा छाती दाबून दोन श्वास, हे चक्र चालू ठेवा.

अफूचा परिणाम उलटवणारं औषध नॅलोक्सोन. आपल्याकडे ते सहसा १ मिलीच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, ४०० मायक्रोग्रॅम ताकदीचं येतं आणि चिठ्ठीवर मिळतं. म्हणून टीआय प्रकल्पातल्या (सुईने नशा करणाऱ्यांसाठीचा एचआयव्ही-प्रतिबंध प्रकल्प) किंवा ओएसटी केंद्रातल्या (नशेऐवजी औषधाची गोळी देणारं उपचार केंद्र) डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. वेळ आल्यावर मेडिकल शोधत फिरण्यात अर्थ नाही. अँप्यूलला टिचक्या मारून औषध खाली आणा, मानेला कापूस गुंडाळून आपल्यापासून दूर मोडा, सगळं २ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढा. दंडाच्या वरच्या भागात किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सुई काटकोनात घुसवा. वेळ नसेल तर कपड्यावरूनही चालतं. इथे इन्सुलिनची सिरिंज नको: तिची सुई आखूड, औषध कातडीखालीच राहतं आणि उशिरा लागू पडतं. २३ गेजची इंचभर सुई योग्य. टोचल्यावरही श्वास देणं थांबवू नका. दोन-तीन मिनिटांत फरक नाही, तर दुसरा अँप्यूल.

तो ताडकन उठून बसावा ही अपेक्षा चुकीची. स्वतः श्वास घेऊ लागला की पुरे. जास्त दिलं तर कडक टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, येते, माणूस चिडतो आणि लगेच पुन्हा घ्यायला धावतो. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि अंगातला माल त्याहून जास्त टिकू शकतो, त्यामुळे शुद्धीवर आलेला माणूस परत बुडू शकतो. म्हणून निदान दोन तास त्याला एकटं सोडू नका. श्वास येत असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, वरचा हात गालाखाली. उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जात नाही.

मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, दूध, चिंचेचं पाणी, थंड पाण्याच्या बादल्या, दोघांनी धरून चालवणं: यातलं काहीही नको. मिठाच्या पाण्याचा अफूवर शून्य परिणाम होतो; सुई टोचल्याच्या दुखण्याने कधी माणूस हलतो आणि गैरसमज पक्का होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे खंडानंतरची. तुरुंगातून सुटल्यावर, व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर, गावी महिनाभर राहून परतल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, पण हाताला जुनंच माप ठाऊक असतं. त्यावर दारू, ‘बटन’ किंवा मालेगावकडची ‘कुत्ता गोळी’ पडली की दोन्ही मिळून श्वास दाबतात. नॅलोक्सोन दारूवर आणि या झोपेच्या गोळ्यांवर चालत नाही, पण अपाय करत नाही. शंका असेल तरी द्या. आणि एकट्याने, कडी लावून घेणाऱ्याला वाचवायला कुणीच नसतं.

आता संसर्ग. ‘आम्ही सुई शेअर करत नाही’ असं सांगणाऱ्यांनाही हिपॅटायटिस सी होतो, कारण पाण्याची बाटली, चमचा, कापूस एकच असतो. वापरलेली सिरिंज एकदा पाण्यात बुडाली की त्या पाण्यात रक्त आलंच, दिसो न दिसो. एका सिरिंजमधून दुसरीत माल वाटून घेतानाही तेच घडतं. सिरिंजमध्ये उरलेल्या थेंबात हा विषाणू कित्येक आठवडे तग धरू शकतो. म्हणून सुई, सिरिंज, पाणी, चमचा, कापूस, सगळं प्रत्येकाचं वेगळं आणि दर वेळी नवं. ब्लीचने धुणं हा अगदीच नाइलाजाचा मार्ग. हिपॅटायटिस सी त्याने नक्की मरेल याची खात्री नाही.

आधी साबणाने हात धुवा. स्पिरिटचा बोळा टोचण्याआधी, एकाच दिशेने फिरवून. टोचल्यानंतर कोरडा कापूस, कारण स्पिरिटने रक्त थांबायला उशीर होतो. माल विरघळवायला लिंबाचा रस वापरू नका, त्यातली बुरशी रक्तातून डोळ्यात आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसते. सिरिंजमध्ये लालभडक रक्त जोराने उसळलं तर ती धमनी आहे: सुई लगेच काढा, दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, हात-पाय वर ठेवा आणि रुग्णालय गाठा. गळू झालं तर पिळू नका, कोमट पाण्याने शेका. ताप आला किंवा लाल रेघ वर सरकू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर.

नव्या सिरिंजा टीआय प्रकल्पात फुकट मिळतात आणि वापरलेल्या परतही घेतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ ने अशा कार्यक्रमातून सिरिंज देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. केंद्र कुठे आहे ते १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा. सुई सोडायची असेल तर ओएसटीत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सहसा रोज केंद्रावरच जिभेखाली विरघळवून देतात. पहिला डोस टर्की सुरू झाल्यावरच घ्यायचा, आधी घेतला तर तीच गोळी जोराची टर्की आणते.

एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात) मोफत होते. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, तीन डोस. सीवर लस नाही, पण २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं मोफत आहेत, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. बरं झाल्यावरही अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्हच येत राहते, त्यामुळे पुढच्या तपासणीला आरएनए चाचणीच मागा, ती विषाणू अंगात आत्ता आहे का ते दाखवते. हा आजार पुन्हा होऊ शकतो.