नगर परिषदेच्या विहीर-पाणी शुद्धीकरणाची निविदा भरताना

निविदा सूचना हाती पडली की बहुतेक कंत्राटदार आधी अंदाजपत्रकी रक्कम पाहतात, मग बयाणा रक्कम पाहतात, आणि पाण्याचा तपासणी अहवाल सवड मिळाली तर चाळतात. विहिरीच्या किंवा विंधन विहिरीच्या पाण्याच्या कामात हा क्रम उलटा हवा. धरणाच्या पाण्याचा मुख्य दोष गढूळपणा असतो आणि त्यावरचा उपाय साधारण ठरलेला असतो. भूजल मात्र गावागणिक बदलते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइड आढळते, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार, तर शेतखते आणि सांडपाणी मुरणाऱ्या भागांत नायट्रेट.

अहवालातील आकडे आयएस 10500 : 2012 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडून पाहावेत. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास 1.5 पर्यंत सवलत आहे. एकूण विद्राव्य क्षारांसाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत. नायट्रेटसाठी मात्र 45 च्या वर सवलत नाही. निविदेत नुसते ‘मानकाप्रमाणे’ असे लिहिलेले असेल, तर यांपैकी कोणती मर्यादा अभिप्रेत आहे हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावे आणि उत्तर शुद्धिपत्रकात यावे असा आग्रह धरावा. तोंडी उत्तराला देयकाच्या वेळी काहीही किंमत नसते.

अहवाल ऑक्टोबरचा, म्हणजे पावसाच्या पाण्याने दोष सौम्य दिसण्याच्या काळातला असेल, तर स्वतः नमुना घ्यावा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून, दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावा. फ्लोराइडसाठी काचेची बाटली वापरू नये. एक पारदर्शक बाटली बाजूला उघडी ठेवावी. भरताना नितळ दिसणारे पाणी तासा-दोन तासांत तांबूस झाले, तर त्यात लोह आहे आणि मुख्य यंत्रणेच्या आधी वायुमिश्रण व गाळणी लागणार, हे प्रयोगशाळेच्या आधीच कळते.

दर कसा बदलतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, दिवसाला 10,000 लिटर पाणी द्यायचे आहे आणि फ्लोराइड 3 वरून 1 मिलिग्रॅमवर आणायचे आहे, म्हणजे रोज 20 ग्रॅम फ्लोराइड काढायचे. सक्रिय अॅल्युमिना या फ्लोराइड शोषून घेणाऱ्या दाणेदार पदार्थाची प्रत्यक्ष क्षमता किलोला 1.5 ग्रॅम धरली, तर 500 किलोचा थर सुमारे 37 दिवस चालतो. उन्हाळ्यात फ्लोराइड 5 वर गेले, तर तोच थर 19 दिवसांतच कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुवावा लागतो. पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती कामात अंतर्भूत असेल, तर तेवढ्या कालावधीतील रसायने, मजुरी आणि धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट हे सारे तुमच्या खिशातून जाते. आमच्या पहिल्या कामात आम्ही यंत्रसामग्रीत नफा मिळवला आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो धुलाईतच घालवला.

आरओ (पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारी यंत्रणा) असेल, तर आधी विहिरीची उपसा चाचणी, म्हणजे ती किती पाणी देते याची तपासणी, पाहावी. निम्मे पाणी वाया जाणार असे धरले, तर 10,000 लिटर शुद्ध पाण्यासाठी 20,000 लिटर उपसा लागतो, आणि मे महिन्यात विहीर तेवढे देईल का, हा प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्याने विचारलेला असतोच असे नाही. टाकाऊ पाणी कुठे सोडायचे आणि महावितरणची जोडणी कोणी घ्यायची, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.

निविदा बी-1 नमुन्यातली असेल, तर अंदाजपत्रकी रकमेच्या किती टक्के वर किंवा खाली एवढेच भरायचे असते. बी-2 मध्ये बाबनिहाय दर. फार खालचा दर भरल्यास जादा सुरक्षा ठेव मागितली जाते, ती किती हे निविदा अटींत पाहावे. वस्तू व सेवा कर 18 टक्के धरावा. 18 जुलै 2022 पूर्वीच्या जुन्या कामांतला 12 टक्क्यांचा हिशेब उचलू नये. कामगार कल्याण उपकर 1 टक्का, शिवाय देयकातून होणारी आयकर आणि जीएसटीची उगमस्थ कपात (टीडीएस) लक्षात घेऊनच खेळते भांडवल मोजावे.

महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा भरताना पहिल्या, म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, उलाढाल, समान कामांचे दाखले आणि हमीपत्रे जातात. दराचा ओझरता उल्लेखही तिथे आला, तर बोली बाद होते. दरपत्रकाची एक्सेल फाइल डाउनलोड केलेल्या नावानेच ठेवावी आणि तिचे रकाने बदलू नयेत. डिजिटल स्वाक्षरीची मुदत आधीच तपासावी. सर्व कागद चढवल्यावरही ‘फ्रीझ बिड सबमिशन’ हे बटण दाबल्याशिवाय बोली दाखल होत नाही, आणि घड्याळ सर्व्हरचे धरले जाते. म्हणून आदल्या दिवशीच हे उरकून पावती छापून ठेवावी. तांत्रिक लिफाफा उघडल्यानंतर त्रुटीची पूर्तता कधी अवघ्या दोन दिवसांत मागितली जाते, तेव्हा नोंदवलेला ईमेल रोज पाहणारा माणूस कार्यालयात असावा.