तवशी-भोपळ्यांची काढणी आणि मांडवाखालचे वाटेकरी

परतीचा पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की परसातले वेल पिवळे पडतात. तवशी, म्हणजे मोठ्या गावठी काकड्या, आणि लाल भोपळे उतरवायची हीच वेळ. घाई केलीत तर फळ माळ्यावर कुजतं, रेंगाळलात तर वानर आणि घुशी आपला वाटा उचलतात.

आधी फळ पिकलंय का ते बघा. कोशिंबिरीला कोवळं तवसं चालतं. साठवणीचं मात्र पूर्ण पिवळं किंवा तांबूस झालेलंच हवं. भोपळ्याचा देठ लाकडासारखा टणक होतो, शेजारचा वेल सुकतो आणि जमिनीला टेकलेली बाजू पांढरट न राहता पिवळसर दिसते. शंका असेल तर सालीवर नख दाबा. रुतलं तर आठवडाभर थांबा.

मांडवाखाली हात घालण्याआधी लांब काठीने पाला हलवा, जमिनीवर आपटा. घुशी-उंदरांच्या मागे धामण येते, ती बिनविषारी आहे. तिला जाऊ द्या, उंदरांचा बंदोबस्त तीच करते. खरी भीती फुरशाची. हातभरही नसलेला हा साप चिऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या फटीत, सुक्या पाल्यात बसतो आणि आवाज केला तरी बरेचदा जागचा हलत नाही. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो, तो ऐकू आला की मागे सरा. म्हणून काढणी सकाळी, दव सुकल्यावर, पायात गमबूट घालून करावी, तिन्हीसांजेला नको. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं टाळा. हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष हाच त्यावरचा उपाय आहे.

फळ ओढून तोडू नका. धारदार कोयत्याने दोन इंच देठ ठेवून कापा आणि उचलताना खालून हात द्या. देठ तुटला की त्याच जागेतून कूज शिरते. फळं धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. कापल्या देठाला चुलीतली थंड राख चोळा. मग पडवीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी आठ-दहा दिवस एकाला एक न चिकटवता ठेवा. किनाऱ्याच्या दमट हवेत ही पायरी गाळली की बुरशी ठरलेलीच.

तवशी सुंभाच्या दुहेरी फासात आडवी धरून वाशाला टांगावीत. एकेकटी, हवा खेळेल अशी. भोपळे माळ्यावर बांबूच्या तट्ट्यावर, एकाच थरात. खाली पेंढा जाड पसरू नका, उंदीर त्यातच घर करतात. दर आठवड्याला फिरवून बघा आणि मऊ डाग दिसला की ते फळ लगेच स्वयंपाकात घ्या. अशी ठेवलेली फळं तीन-चार महिने सहज टिकतात.

बारीक टोचा असलेली, आत अळ्या झालेली फळं म्हणजे फळमाशीचं काम. ती खताच्या खड्ड्यात टाकलीत तर अळ्या मातीत कोष करून पुन्हा माशा होतात. दीड-दोन फूट खोल पुरा. पुढच्या हंगामात फुलं लागताच क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माशांना ओढणाऱ्या गंधाचा, सापळा लावा. आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीला उपयोगाचा नाही, तरी पुष्कळजण तोच लावतात.

वानरांसाठी बुजगावणं चार दिवस चालतं, फटाक्यांनाही ती सरावतात. पिकलेलं फळ वेलावर न ठेवणं, पडलेलं रोज उचलणं, एवढंच नेटाने करता येतं. फासे किंवा विष लावणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुंपणाला मासेमारीचं जुनं जाळं लावलं असेल तर त्याची खालची कड जमिनीपासून फूटभर वर बांधा. जमिनीवर लोळणाऱ्या जाळ्यात धामणी अडकून मरतात आणि मग घुशींना रान मोकळं. अडकलेला साप सोडवायला सर्पमित्राला बोलवा.

बियाण्यासाठी सगळ्यात निरोगी, पूर्ण पिकलेलं तवसं निवडा. बिया गरासकट दोन दिवस पाण्यात ठेवा, तरंगणाऱ्या फेका, तळाच्या धुऊन सावलीत वाळवा. दातांनी कट्कन तुटली की बी वाळली. मग राखेत घोळून बरणीत भरा. ओलसर भरलीत तर मिरगाला हाती बुरशीच लागेल.