पहिला पिंगळा, पहिली कापशी: नागपूरजवळ शिकारी पक्षी टिपायला निघताना

मोठी लेन्स हातात आली की नागपूरकर पहिल्याच रविवारी पेंच नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याची सफारी गाठतो. घुबडं आणि शिकारी पक्षी शिकायचे असतील तर सुरुवात तिथून करू नका. सफारीत सगळी गाडी वाघासाठी आसुसलेली असते, सर्पगरुडापाशी ती थांबते किती वेळ? त्यापेक्षा शहराबाहेरची वावरं, पडीक माळ आणि जुन्या चिंचा बऱ्या. तिथे एकाच पक्ष्याजवळ दोन तास बसता येतं, आणि हे काम असं बसूनच येतं.

पहिला पक्षी पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, निवडा. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, आणि त्यानंतर थोड्याच वेळात पिंगळे ढोलीच्या तोंडाशी ऊन खायला येतात. झाड कुठलं, हे शेतावरच्या माणसाला विचारावं. "काकाजी, इकडं पिंगळा दिसते का?" म्हटलं की उत्तर येतं, "हाओ, त्या चिंचेवर रायते ना! रोजच बसते." विचारायला कोणी नसेल तर बुंध्याजवळ विष्ठेचे पांढरे ओघळ पाहा, उंदराचे केस नि हाडं असलेले, घुबडानं ओकून टाकलेले गोळे शोधा. कोतवाल आणि बुलबुल एखाद्या फांदीवर तुटून पडले असतील, तर तिथे बहुधा घुबड आहे.

पिंगळा मान वरखाली करत तुमच्याकडे रोखून पाहू लागला, म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा, हळूच मागे या. फ्लॅश नको, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं तर नकोच. आणि दिसेल त्या पिंगळ्याला वनपिंगळा म्हणू नका. वनपिंगळा 1884 नंतर थेट 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला, मेळघाटातल्या सागाच्या जंगलांत राहणारा दुर्मीळ पक्षी आहे. नागपूरच्या वावरातला तो डोक्यावर पांढरे ठिपके असलेला साधा पिंगळाच, आणि मला तो तितकाच देखणा वाटतो.

उडता पक्षी टिपायला कापशी (छोटी पांढुरकी घार) आणि शिक्रा (छोटा ससाण्यासारखा शिकारी पक्षी) हे उत्तम गुरू. कापशी विजेच्या तारेवर बसते, मधेच हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. नेमका तोच क्षण नवख्याला फोकस साधायला सवड देतो. शटरचा वेग 1/2000 सेकंदाच्या खाली आणू नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. बसलेला शिकारी पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून झेपावतो. म्हणून वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी येतील अशी जागा धरा, तो तुमच्या बाजूनं उडेल. पुढे झुकला, विष्ठा टाकली, की बोट बटणावर ठेवा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहण्यापेक्षा गाडीत बसून खिडकीतून टिपणं केव्हाही बरं, गाडीला पक्षी माणसाइतके बुजत नाहीत.

ऑक्टोबर ते मार्च भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी पाहुणे येतात आणि गवतावरून अगदी खाली तरंगत जातात. पण दहा-साडेदहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दूरचा फोटो कितीही महागड्या लेन्सनं काढा, धूसरच येतो. तेव्हा नजर वर न्यावी. याच तापलेल्या हवेवर गरुड आणि घारी घिरट्या घेत चढतात. पांढुरक्या आकाशासमोर पक्षी काळा पडतो, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवा.

शृंगी घुबडाबाबत मी कडक आहे. ते ओढ्याकाठच्या दरडीवर, खडकाच्या कपारीत उघड्यावरच अंडी घालतं. तुम्ही जवळ गेलात, मादी उठली, तर कावळ्यांना अंडी मोकळी मिळतात. विणीच्या काळात तिकडे फिरकू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबडांना संरक्षण आहे, तरी दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी त्यांची शिकार होते. म्हणून फोटो टाकताना कॅमेऱ्याचं लोकेशन काढून टाका, खाली फक्त 'नागपूर जिल्हा' लिहा. झाड कुठलं, हे ओळखीच्यानं विचारलं तरी सांगू नका.