वजन उचलायला लागलात? ताट, झोप आणि वही सांभाळा

जिम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे बारवरचे वजन भराभर वाढते. मग कुठेतरी अडते, आणि बहुतेक जण लगेच व्यायामाचा तक्ता बदलतात. त्याआधी तीन गोष्टी तपासा: दिवसभरात पोटात किती प्रथिने जातात, रात्री झोप किती होते आणि मागच्या खेपेला नेमके किती उचलले ते लिहून ठेवले आहे का. घोडे बहुधा तिथेच पेंड खात असते.

प्रथिनांचे माप शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम धरा. 60 किलोच्या माणसाला 95 ते 100 ग्रॅम. गोव्यात रोज मासळी खातो, म्हणजे प्रथिने भरपूर, असा आपला समज असतो. पण ताट नीट बघा. उकड्या तांदळाच्या शिताची रास, वर हुमण आणि कडेला रवा लावून तळलेला एक बांगडा. हुमणात नारळ, मिरची, सोले (कोकम) आणि मासळीचा एखादा तुकडा. त्या मध्यम बांगड्याचे डोके-काटे काढले की मांस उरते 70-75 ग्रॅम, त्यात प्रथिने जेमतेम 14 ग्रॅम. शीत वाईट नाही, व्यायामाला ताकद तेच देते. चुकते ते प्रमाण. एकाऐवजी दोन बांगडे घ्या आणि शिताचा शेवटचा डाव सोडा.

60 किलोच्या माणसाचा हिशेब असा बसतो. सकाळी पोळ्यांबरोबर तीन अंडी (18 ग्रॅम) आणि 250 मिली दूध (8). दुपारी दोन बांगडे (28) आणि शीत. संध्याकाळी 50 ग्रॅम भाजलेले चणे (10). रात्री कच्चे मोजून 100 ग्रॅम हाडाविना चिकन (22). दिवसभरात 150 ग्रॅम तांदूळ शिजवून खाल्ले तर त्यातूनही दहाएक ग्रॅम येतात. बेरीज 95च्या पुढे जाते, डब्यातली पावडर न घेता.

खरी पंचाईत श्रावणात आणि मासेमारी बंदीत होते. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, मासळी महाग, आणि घरोघरी सुक्या मासळीवर भागते. किसमुराने (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीने) जेवण चवदार होते, पण त्यातले सुके गलमो (बारीक कोळंबी) चिमूटभरच असतात, त्यामुळे ती प्रथिनांची भाजी समजू नका. या दिवसांत अंडी वाढवा. सोमवार किंवा पूर्ण श्रावण पाळत असाल तर 60 ग्रॅम सुक्या अळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटणातली रस्साभाजी (14), 50 ग्रॅम सोयावडी (25), 100 ग्रॅम पनीर (18) आणि दही यांवर दिवस निभावतो. चतुर्थीत नेवऱ्या (करंज्या) खा, फक्त त्या जेवणाच्या जागी नकोत.

व्यायामाआधी दोन-तीन तास पूर्ण जेवण झालेले असावे. वेळ नसेल तर तासभर आधी मीठ घातलेली पेज प्या, पोटात जड होत नाही. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. व्यायामाआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो कमी झाले तर साधारण एक लिटर पाणी गेले आहे, ते पुढच्या काही तासांत मीठ-लिंबू घालून भरून काढा. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घ्यायचेच असेल तर साधे मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बारीक असाल तर शरीराचे वजन आठवड्याला 150 ते 300 ग्रॅम वाढावे. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर मोजा आणि आठवड्याची सरासरी धरा, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. पोट सुटले असेल तर वजन वाढवायची गरजच नाही. प्रथिने तेवढीच ठेवून तळण आणि शीत थोडे कमी करा, ताकद तरीही वाढते.

झोप सात ते नऊ तास. हॉटेलात किंवा कारखान्यात रात्रपाळी असेल तर दिवसा खोली पूर्ण काळोखी करा, आणि पाळी बदलते त्या दिवशी जड स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठका) ठेवू नका. जत्रेचे नाटक पहाटेपर्यंत पाहिलेत तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या, व्यायाम एक दिवस पुढे ढकलला तर काही बिघडत नाही. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. वजन एकदा उचलणे म्हणजे एक खेप, न थांबता केलेल्या काही खेपा म्हणजे एक सेट. जड सेटांच्या मध्ये तीन ते पाच मिनिटे बसा. ही विश्रांती आळशीपणा वाटून लोक मिनिटभरात उठतात, आणि पाचवी खेप दम संपल्यामुळे पडते.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा, प्रत्येक मुख्य प्रकाराचे पाच-पाच खेपांचे तीन सेट. स्क्वॉट 20 किलोच्या रिकाम्या बारवर सुरू करा आणि व्यायामाच्या दर दिवशी 2.5 किलो वाढवा: बाराव्या दिवशी 47.5 किलो होतात. ओव्हरहेड प्रेस (बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणे) आधी अडतो, कारण 60 किलोच्या स्क्वॉटवर 2.5 किलो म्हणजे चार टक्के, तर 20 किलोच्या प्रेसवर साडेबारा. म्हणून तिथे एक किलोनेच चढा. जिममधली सर्वांत लहान प्लेट 2.5 किलोची असेल तर दोन्ही बाजू मिळून पाच किलोंची उडी होते, ती नवशिक्याला पेलत नाही. अर्ध्या किलोच्या दोन प्लेटा विकत घेऊन पिशवीत ठेवा.

वहीत तारीख, वजन, खेपा आणि आदल्या रात्रीची झोप लिहा. एकाच वजनावर लागोपाठ दोन दिवस खेपा पुऱ्या झाल्या नाहीत आणि खाणे-झोप ठीक असेल, तर दहा टक्के उतरवा आणि पुन्हा चढत या. स्नायू दोन-तीन दिवस आंबणे साहजिक आहे, पण सांध्यात टोचणारी कळ आली तर तो सेट तिथेच थांबवा. दोनदा उतरवूनही त्याच आकड्यावर अडलात तर व्यायामाच्या दर दिवशी वाढवणे सोडा आणि आठवड्यातून एकदाच वाढवा.