शाळेतली डोळे तपासणी: या चुका टाळा

शाळेत तपासणीला गेलं की तेच. तक्ता सकाळपासून भिंतीवर, पोरांची लाइन त्याच्याच समोर, नंबर लागेपर्यंत सगळी अक्षरं पाठ. त्यात डोळा झाकतात बोटांनी, म्हणजे फटीतून मस्त दिसतं. रजिस्टरात दोन्ही डोळे 6/6, म्हणजे नजर एकदम नॉर्मल, मॅडम खुश.

उत्तर नागपुरातल्या एका शाळेत दुसरीतली पोरगी अशीच धडाधड वाचून गेली. मान जराशी वळवत होती म्हणून परत बोलावलं, डोळा मी झाकला, तक्ता बदलला, तर डाव्या डोळ्याने सगळ्यात वरचं मोठं अक्षरही येईना, रडायलाच लागली. पुढे थेंब टाकून तपासलं तर त्या डोळ्याला मोठा प्लस नंबर, डोळा आळशी झालेला, म्हणजे नीट वापरच नसल्याने त्याची नजर कमजोर राहिलेली. वडील म्हणे, "अहो पण टीव्ही तर बरोबर पाहते नं ती." पाहणारच, दुसरा डोळा ठणठणीत आहे! चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, याचा फायदा सात-आठ वर्षांच्या आत जेवढा होतो तेवढा नंतर होत नाही, आणि रजिस्टरात तिच्यापुढे पहिलीतलंही 6/6 होतंच.

मी लाइन दाराबाहेर उभी करतो, डोळ्यावर पुठ्ठा धरतो, ओळ उलटीकडून वाचायला लावतो. आणि 6 मीटर टेपनेच मोजा, पावलं टाकून नाही.

दुसरी चूक आईबाबांची. सीताबर्डीवर खरेदीला गेले, दुकानात मशीनवर नंबर काढला, संध्याकाळी चष्मा नाकावर. मशीनमध्ये बघताना लहान पोरं नजर जवळ ताणतात, मायनस उगाच जास्त येतो. म्हणूनच हा ताण सैल करणारे थेंब किंवा अ‍ॅट्रोपिनचं मलम देऊन मग नंबर काढतात. पण "अभ्यास बुडतो, थेंब नको." अरे, मग दिवाळीच्या सुट्टीत या नं! अ‍ॅट्रोपिननंतर जवळचं धूसर आठवडाभरही राहू शकतं, उन्हात डोळे दिपतात, टोपी घाला, एवढंच. घाईचा चष्मा पोरगं दप्तरातच ठेवतं आणि मग घरचे त्यालाच रागावतात.

चष्म्याने नंबर वाढत नाही. गाजराने जात नाही. पोरांना रोज दोनेक तास बाहेर खेळू द्या, उन्हाळ्यात सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर.

आणि उन्हाळ्यात डोळे खाजले की मागच्या वर्षीची बाटली दाखवून दुकानातून तेच थेंब आणू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत खाज जाते म्हणून लोक महिनोनमहिने टाकत बसतात, डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि पोराला काही दुखत नाही म्हणून कळतही नाही. मेयो नाहीतर मेडिकल, या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या डोळ्यांच्या ओपीडीत दाखवा, जाताना ती बाटली सोबत न्या.