जुन्या ट्रकचं स्टेअरिंग ढिलं झालंय? बॉक्सला पान्हा लावायच्या आधी हे बघा

स्टेअरिंग ढिलं वाटलं की बरेच जण थेट स्टेअरिंगच्या गिअर बॉक्सवरचा स्क्रू आवळतात, आणि बऱ्याचदा दोष तिथे नसतोच. आधी चाकं जमिनीवर सरळ ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (ठोकळा किंवा दगड) लावा, आणि एकाला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगा (पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून). तुम्ही खाली बघा, कॉलमचा (स्टेअरिंगच्या दांड्याचा) जॉइंट, पिटमन आर्म (बॉक्सला लावलेला हात), ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक), एकेकावर हात ठेवत जा, जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते तिथेच प्ले (ढिलेपणा) आहे, बोटांना टक् असं लगेच कळतं. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट पण बघाच, ते ढिले असले तर अख्खा बॉक्सच हलतो.

मग चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, वरखाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (ज्यावर चाक डावीउजवीकडे वळतं तो सांधा).

सगळं घट्ट असेल तरच बॉक्सचा स्क्रू. चाकं सरळ ठेवून लॉकनट (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करा, पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवा. जास्त आवळलात तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, ते ढिल्यापेक्षा वाईट. टाय रॉड एंड बदललात तर स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) नवीनच टाका आणि अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर खाईल.