आइस हॉकीतील विक्रमवीराची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी

सांगलीत हॉकी म्हटली की मैदानावरची हॉकीच डोळ्यांपुढे येते. बर्फाची लादी आपल्याला दिसते ती उसाच्या रसाच्या गाड्यावर. तरीही विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने परवा आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीची एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील कारकीर्द वहीत उतरवून आणली : १४८७ सामने, ८९४ गोल, १९६३ असिस्ट, २८५७ गुण. ‘‘काका, बेरीज जमली, पण यातून समजायचे काय?’’ हा त्याचा प्रश्न रास्त होता.

प्रथम गुण म्हणजे काय ते पाहावे. गोलाचा एक गुण आणि असिस्टचाही एकच; मात्र गोल होण्याआधी चकती (या खेळात चेंडूच्या जागी असते ती) पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांना असिस्ट मिळत असल्यामुळे एका गोलातून तीन जणांच्या खात्यात गुण जमा होऊ शकतात. म्हणून गोल आणि असिस्ट यांचे रकाने वेगळेच ठेवावेत. ग्रेट्झ्कीचे गोल पुसून टाकले तरी उरलेले १९६३ हे दुसऱ्या क्रमांकावरील यारोमिर यागरच्या एकूण १९२१ गुणांहून अधिक भरतात.

मग गुणांना सामन्यांनी भागावे. यागरला १९२१ गुणांसाठी १७३३ सामने लागले, तर पिट्सबर्गच्या संघात त्याच्यासोबत खेळलेल्या मारिओ लेम्यूने ९१५ सामन्यांतच १७२३ गुण मिळवले. सरासरी अनुक्रमे १.११ आणि १.८८ येते, आणि नुसत्या बेरजेच्या यादीत वर दिसणारा यागर येथे बराच खाली जातो.

यापुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती समजावयाला सांगलीकराला दूर जावे लागत नाही. आपल्या गावी जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९४३-४४ च्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेत ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या होत्या. त्या ३०९ चे वजन ३८७ शेजारी लिहिल्यावरच कळते. तसेच १९८५-८६ मध्ये ग्रेट्झ्कीच्या एडमंटन संघाने ४२६ गोल केले आणि त्याचे स्वतःचे गुण होते २१५, म्हणजे संघाच्या निम्म्याहून थोड्या अधिक गोलांत त्याचा हात होता. क्रिकेटमधील धाव एकाच फलंदाजाच्या नावे लागते, गुण मात्र वाटले जातात, त्यामुळे या दोन टक्केवाऱ्यांची आपसांत तुलना करू नये.

काळाचा हिशेबही धरावा लागतो. १९८१-८२ मध्ये, ग्रेट्झ्कीने ९२ गोल केले त्या हंगामात, एक संघ सामन्याला सरासरी चार गोल करीत असे. २००३-०४ पर्यंत ही सरासरी अडीचच्या आसपास उतरली. अलेक्झांडर ओव्हेच्किनने २००५ मध्ये सुरुवात करून ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५ वा गोल करून ग्रेट्झ्कीला मागे टाकले, म्हणून त्याच्या प्रत्येक हंगामाशेजारी त्या वर्षीची सरासरी लिहावी.

शेवटी रिकाम्या ओळी पाहाव्यात. पुतण्याने लेम्यूचे १९९४-९५ हे वर्ष गाळले होते. त्या वर्षी तो खेळलाच नाही. १९९२-९३ मध्ये कर्करोगावर किरणोपचार घेऊनही त्याने ६० सामन्यांत १६० गुण मिळवले होते. १९९७ मध्ये निवृत्त होऊन डिसेंबर २००० मध्ये तो परतला. वहीत आता त्या वर्षांच्या ओळी आहेत. आकड्यांच्या जागी पेन्सिलीने कारणे लिहिली आहेत.